मागून आणलेली गाडी: विमा कुणाचा, भुर्दंड कुणाला?

ऐरोली, महापे, घणसोलीच्या कंपन्यांत नोकरी लागून जे इकडे ठाणे-नवी मुंबईत राहायला येतात, त्यांच्याकडे सुरुवातीला स्वतःची गाडी नसते. घ्यायची ऐपत असली तरी सोसायटीत पार्किंग नसतं. मग अलिबागला जायचं असो, आईबाबांना पहाटे ठाणे स्टेशनवरून आणायचं असो, नाहीतर गणपतीत कोकण गाठायचं असो, मामाची, रूममेटची किंवा ऑफिसमधल्या कुणाची तरी गाडी मागून घेतली जाते. देणाराही 'ने रे, त्यात काय' म्हणत किल्ली हातावर ठेवतो.

विम्याचा विषय निघालाच, तर दोन उत्तरं ऐकू येतात. एक, 'इन्शुरन्स आहे की गाडीचा, सगळं कव्हर असतं.' दुसरं, 'पॉलिसी मामाच्या नावावर आहे, तू ठोकलीस तर छदाम मिळणार नाही.' दोन्ही चुकीची आहेत.

आपल्याकडे मोटार विमा गाडीबरोबर जातो, चालकाबरोबर नाही. कुठल्याही खासगी कारच्या पॉलिसीत 'ड्रायव्हर्स क्लॉज' शोधा. मालकासह कोणीही गाडी चालवू शकतो, फक्त अपघाताच्या वेळी त्याच्याकडे त्या प्रकारच्या गाडीचं वैध लायसन्स हवं आणि ते रद्द किंवा निलंबित झालेलं नसावं, अशा अर्थाचं वाक्य तिथे असतं. तुमचं नाव पॉलिसीत घालून घ्यायची गरज नाही. परदेशात राहून आलेल्यांना हे खरं वाटत नाही, पण इथे तसंच आहे. म्हणजे मामाची गाडी तुम्ही चालवताना समोरच्याला लागलं किंवा मामाच्या गाडीचं नुकसान झालं, तर विमा कंपनी केवळ 'चालवणारा मालक नव्हता' एवढ्यावर हात वर करू शकत नाही. मात्र या छत्रीखाली एक माणूस येत नाही: स्टिअरिंगवर बसलेले तुम्ही. त्याबद्दल चौथ्या पायरीत सविस्तर लिहिलंय.

पायरी १: किल्लीआधी पॉलिसी मागा

आरसी, पीयूसी आणि पॉलिसीची पीडीएफ व्हॉट्सॲपवर मागवून घ्या. मामाकडे पॉलिसी मागायला संकोच वाटतो खरा, पण भीड ही भिकेची बहीण. पॉलिसी बघायला दोन मिनिटं लागतात.

'विमा चालू आहे का' एवढंच विचारू नका, कारण त्याला 'हो' असं उत्तर येतं आणि ते अर्धवट असू शकतं. १ सप्टेंबर २०१८ पासून नवी कार घेतानाच ३ वर्षांचा थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या गाडीमुळे समोरच्याला होणाऱ्या इजा-नुकसानीचा विमा, घ्यावा लागतो. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा भाग, म्हणजे ओन डॅमेज, मात्र अनेकदा एकाच वर्षाचा असतो. पहिलं वर्ष सरतं, नूतनीकरणाचे मेसेज दुर्लक्षित होतात आणि गाडी फक्त थर्ड पार्टीवर फिरत राहते. नाक्यावर पोलिसाने तपासलं तर विमा वैधच दिसतो. मालकालाही आपली गाडी 'इन्शुअर्ड'च वाटत असते. म्हणून पॉलिसीच्या पहिल्या पानावर दोन वेगळ्या मुदती छापलेल्या असतात, त्या दोन्ही बघा.

फक्त थर्ड पार्टी असेल तर मामाच्या गाडीचा चुराडा झाला तरी कंपनी एक रुपया देणार नाही. ती भरपाई तुमच्या आणि मामाच्या नात्यातून निघेल. आणखी एक गोष्ट फारशी कुणाला ठाऊक नसते. कारमध्ये बसलेले तुमचे मित्र केवळ थर्ड पार्टी पॉलिसीत आपोआप येत नाहीत. खासगी कारमध्ये फुकट नेलेल्या प्रवाशांची जबाबदारी अशा पॉलिसीवर येत नाही, अशी न्यायालयांची भूमिका राहिली आहे. कॉम्प्रिहेन्सिव्ह म्हणजे पॅकेज पॉलिसीत ते धरले जातात. चार जणांना घेऊन माळशेजला निघणार असाल, तर थर्ड पार्टीवाली गाडी मागूच नका.

विमाच नसेल तर पहिल्या गुन्ह्याला २,००० रुपये दंड किंवा ३ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पण दंड ही किरकोळ गोष्ट झाली. अपघातात कुणी दगावलं, तर भरपाईची सगळी रक्कम मालक आणि चालकाच्या डोक्यावर येते, आणि तिला वरची मर्यादा नाही.

पीयूसी संपलेली असेल तर तेवढ्या कारणावरून क्लेम नाकारता येत नाही, असं विमा नियामकाने २०२० मध्ये स्पष्ट केलंय. दंड मात्र होतो, म्हणून पंपावर थांबून ती काढून घ्या.

पायरी २: स्वतःचं लायसन्स नीट वाचा

क्लेम अनेकदा अडकतात ती ही जागा. तुमच्याकडे फक्त दुचाकीचं लायसन्स असेल तर कारसाठी ते नसल्यासारखंच आहे. कार्डावर 'एलएमव्ही' (हलकं मोटार वाहन) लिहिलेलं हवं. मुदतही बघा. २०१९ च्या दुरुस्तीपूर्वी लायसन्स संपल्यावर ३० दिवसांची सवलत मिळायची, ती आता नाही. एक दिवस उलटला तरी ते संपलेलं. सध्याच्या नियमानुसार तिशीच्या आत काढलेलं लायसन्स वयाच्या चाळिशीपर्यंत चालतं, आणि चाळिसाव्या वाढदिवसाला ही आठवण करून द्यायला कुणी येत नाही.

लर्निंग लायसन्सवर चालवायचं असेल तर शेजारच्या सीटवर पक्कं लायसन्स असलेली व्यक्ती आणि गाडीच्या पुढे-मागे लाल 'एल' पाहिजे. पाम बीच रोडवर रविवारी पहाटे 'हात साफ करायला' एकटेच निघालात, तर कायद्याच्या नजरेत तुम्ही विनापरवाना आहात. परदेशातून आलेल्या भावाला गाडी देत असाल तर त्याच्याकडे आंतरराष्ट्रीय परमिट आहे का ते विचारा.

आता देणाऱ्याच्या बाजूने. विनापरवाना माणसाच्या हातात गाडी दिली तर मालकालाही ५,००० रुपये दंड किंवा कैद होऊ शकते. अपघात झालाच तर विमा कंपनी जखमीला भरपाई देते आणि नंतर तीच रक्कम मालकाकडून वसूल करायला येते. पण मालकाने आपल्या परीने काळजी घेतली होती, हे दिसलं तर त्याला संरक्षण मिळतं. २००४ च्या स्वर्ण सिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की लायसन्सच्या अटीचा भंग मालकाकडून जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणाने झाला, हे कंपनीने सिद्ध करायला हवं. म्हणून मालकाने 'तुझं लायसन्स पाठव' म्हटलं तर राग मानू नका. न मागता पाठवा. व्हॉट्सॲपवरचा तो फोटो आणि 'शनिवार सकाळ ते रविवार रात्र गाडी तुझ्याकडे' एवढा मेसेज, परवानगीचा पुरावा म्हणून पुरतो. स्टॅम्प पेपरची गरज नाही.

सतरा वर्षांचा भाचा सोसायटीच्या आवारातच चालवतोय म्हणून हसण्यावारी नेऊ नका. अल्पवयीनाने गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द, आणि त्या मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन्स नाही.

पायरी ३: पैशांची भाषा जपून

पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने देता येत नाही, आणि पॉलिसीतही 'भाडं किंवा मोबदला घेऊन वापर' वगळलेला असतो. जाताना-येताना पेट्रोल भरून दिलंत, टोल भरलात, तर हरकत नाही. पण 'किलोमीटरला दहा रुपये' असं ठरवून आणि यूपीआयवर 'कार रेंट' लिहून पैसे पाठवलेत, तर क्लेमच्या वेळी तोच व्यवहार तुमच्या विरोधात पुरावा ठरतो. भाड्यानेच हवी असेल तर काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेली सेल्फ-ड्राइव्ह गाडी घ्या. तिचा विमा त्या कामासाठीच काढलेला असतो. मागून आणलेल्या गाडीत दुकानाचा माल वाहणं आणि शर्यती लावणं, हेही पॉलिसीबाहेर.

गाडी तुम्हाला दिलेली असते, तुमच्या मित्राला नव्हे. 'जरा मला दे, एक्स्प्रेस-वेवर मी चालवतो' म्हणणाऱ्याला परस्पर स्टिअरिंग देणं म्हणजे आयजीच्या जिवावर बायजी उदार. आधी मालकाला फोन करा.

पायरी ४: स्वतःच्या जिवाचं काय?

या लेखातलं एकच काही लक्षात ठेवायचं असेल, तर हे ठेवा.

कारच्या पॉलिसीत १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो, पण तो 'ओनर-ड्रायव्हर'चा असतो, म्हणजे गाडी ज्याच्या नावावर आणि पॉलिसी ज्याच्या नावावर त्या मालकाचा. गंमत अशी की मामा शेजारी सह-चालक म्हणून बसलेले असतील तर ते त्या कव्हरमध्ये येतात, आणि गाडी चालवणारे तुम्ही येत नाही. तुमच्या स्वतःच्या बाइकवर असलेलं १५ लाखांचं कव्हरही मामाची कार चालवताना कामाला येत नाही.

आणि 'थर्ड पार्टी' म्हणून? तेही नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये निंगम्मा प्रकरणात हा मुद्दा निकाली काढला. मागून आणलेल्या मोटारसायकलवर जाणारा माणूस बैलगाडीवर आदळून गेला. त्याच्या वारसांनी त्याच मोटारसायकलच्या विमा कंपनीकडे भरपाई मागितली. न्यायालय म्हणालं, जो गाडी मागून घेतो तो मालकाच्या जागी उभा राहतो, आणि मालक स्वतःच्याच पॉलिसीत 'तिसरा' असू शकत नाही. २०२० मध्ये रामखिलाडी प्रकरणात हीच भूमिका पुन्हा घेतली गेली. दुसऱ्या गाडीची चूक असेल तर तिच्या मालकाकडे आणि विमा कंपनीकडे दावा लावता येतो. पण रात्री गायमुखच्या उतारावर डोळा लागून गाडी दुभाजकावर गेली, तर घरच्यांना त्या गाडीच्या पॉलिसीतून काही मिळेल, या भरवशावर राहू नका.

उपाय साधा आहे: स्वतःच्या नावावर स्वतंत्र वैयक्तिक अपघात पॉलिसी घ्या. ती कुणाचीही गाडी चालवताना, आणि लोकलने जातानाही लागू होते. कंपनीने ग्रुप अपघात विमा दिलाय का, तो कामाच्या वेळेबाहेर चालतो का, हे एचआरला विचारून घ्या. माझ्या मते दुसऱ्याची गाडी नेहमी वापरणाऱ्याने हा खर्च टाळणं शहाणपणाचं नाही.

पायरी ५: अपघात झाला तर

जागा तीन हात नाका असो की सायन-पनवेल हायवे, कुणाला लागलं असेल तर पहिला फोन १०८ ला, दुसरा ११२ ला. जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणं आणि २४ तासांच्या आत पोलिसांना कळवणं ही चालकाची कायदेशीर जबाबदारी आहे. उपचाराच्या पैशांसाठी अडून राहू नका. मे २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या केंद्राच्या योजनेत अपघातग्रस्ताला ७ दिवसांपर्यंत दीड लाखापर्यंतचे उपचार कॅशलेस मिळू शकतात. रुग्णालयात त्याची चौकशी करा.

फौजदारी बाजू पूर्णपणे चालकाची. निष्काळजीपणाने मृत्यू झाला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(१) खाली ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि ती विमा कंपनी तुमच्या वतीने भोगत नाही. दिवाणी बाजूला मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात चालक, मालक आणि विमा कंपनी अशा तिघांनाही प्रतिवादी केलं जातं. समोरच्याच्या मृत्यू किंवा दुखापतीची भरपाई विम्यातून अमर्याद. त्याच्या मालमत्तेची मात्र खासगी कारसाठी साडेसात लाखांपर्यंतच. महागडी गाडी ठोकलीत आणि बिल त्याहून वर गेलं, तर उरलेले पैसे तुमचे.

आता नाक्यावरच्या मांडवलीबद्दल. गर्दी जमते, मागचे हॉर्न वाजवतात, आणि एक कोणीतरी पुढे होऊन 'साहेब, दोन हजार द्या आणि विषय संपवा' म्हणतो. नुसता बंपरला ओरखडा असेल, कुणालाही लागलेलं नसेल, तर स्वतःच्या खिशातून देऊन मोकळं व्हायला माझी हरकत नाही. मात्र मग त्या नुकसानीसाठी नंतर क्लेम करायचा विचार सोडा, कारण कंपनीच्या संमतीशिवाय चूक कबूल करणं किंवा पैसे देणं हा पॉलिसीच्या अटींचा भंग आहे. कुणाला लागलेलं असेल तर मांडवली नाहीच. 'काही झालं नाही' म्हणून उठून गेलेला स्कूटरवाला संध्याकाळी फ्रॅक्चरचा एक्स-रे घेऊन पोलीस ठाण्यात येऊ शकतो, आणि त्या वेळी तुम्ही पळून गेलात असं चित्र उभं राहतं.

दोन्ही गाड्यांच्या नंबर प्लेट, रस्ता आणि नुकसान यांचे फोटो काढा. मालकाला तिथूनच फोन करा, रात्रीचे दोन वाजलेले असले तरी. विमा कंपनीला लगेच कळवायचं असतं, आणि नुकसान तपासणाऱ्या सर्व्हेअरने बघण्याआधी दुरुस्ती सुरू करायची नसते. टोइंगवाला सुचवेल त्या गॅरेजला गाडी जाऊ देऊ नका. कॅशलेस गॅरेजची यादी कंपनीकडून मिळते.

दारू प्यायलेली असेल तर यातलं बरंचसं गैरलागू. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं की ओन डॅमेज क्लेम गेल्यात जमा. येऊरच्या पार्टीवरून निघताना गाडी तिथेच ठेवा आणि रिक्षा करा.

पायरी ६: क्लेमचा हिशेब

क्लेम फॉर्म मालकाच्या सहीने जातो. त्यात चालकाचं नाव आणि लायसन्स नंबर लिहायचा रकाना असतो. इथे हमखास कुणीतरी शहाणपणा सुचवतं: 'मामाच चालवत होते असं लिही, कटकट नको.' असं लिहू नका. तुमचं लायसन्स वैध असेल तर खोटं बोलून मिळणार काहीच नाही, उलट चांगला क्लेम बुडतो. मोठ्या क्लेममध्ये कंपनी तपासनीस पाठवते. एफआयआर, रुग्णालयाचे कागद आणि सीसीटीव्ही हे सगळं तो बघतो. चालक बदललेला आढळला की क्लेम नाकारायला कंपनीला आयतं कारण मिळतं, आणि फसवणुकीचा ठपका मामावर येतो.

आता पैसे. समजा गाडी साडेतीन वर्षांची, १५०० सीसीच्या आतली, झिरो डेप (घसारा न कापणारं जादा कव्हर) नाही. नवा बंपर ८,००० आणि दरवाजा १०,०००, मजुरी आणि रंग सोडून. प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा, म्हणजे ४,००० कापले. तीन ते चार वर्षांच्या गाडीच्या धातूच्या भागांवर २५ टक्के, म्हणजे २,५०० कापले. वर सक्तीची वजावट १,०००. कंपनीने दिले १०,५००. उरलेले ७,५०० द्यायला हवेत गाडी मागून नेणाऱ्याने. हे सगळ्यांना पटतं.

न दिसणारा खर्च नो क्लेम बोनसचा असतो. एकही क्लेम नसेल तर ओन डॅमेज हप्त्यावर दरवर्षी २०, २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्के अशी सूट चढत जाते. मामांना पुढच्या नूतनीकरणाला ४५ टक्के मिळणार होते. तुमच्या क्लेममुळे ते शून्यावर येतात आणि पुन्हा २० पासून चढायचं. ओन डॅमेजचा मूळ हप्ता ८,००० आणि तेवढाच राहिला असं धरलं, तर पुढच्या पाच नूतनीकरणांत मामांचे ३,६००, २,४००, २,०००, १,२०० आणि ४०० असे एकूण ९,६०० रुपये जादा जातात. गाडी जुनी होत जाते तसा हप्ता कमी होतो, त्यामुळे प्रत्यक्षात आकडा थोडा खाली येईल. तरीही विम्यातून मिळालेले १०,५०० आणि बोनसमध्ये गेलेले पैसे यांत फारसं अंतर उरत नाही. एवढ्या नुकसानीला खिशातूनच दुरुस्ती करून दिलेली बरी, आणि हे मामांना विचारून ठरवा. क्लेम घेतलाच, तर बोनसचे पैसे तुम्ही होऊन काढून द्या. ते मागणार नाहीत. 'एनसीबी प्रोटेक्ट', म्हणजे क्लेमनंतरही नो क्लेम बोनस टिकवणारं कव्हर, घेतलेलं असेल तर हा प्रश्न मिटतो.

पावसाळ्यात एक वेगळीच फसगत होते. वंदना टॉकीजजवळ किंवा एखाद्या भुयारी मार्गात गाडी पाण्यात बंद पडली की हात आपोआप स्टार्टरकडे जातो. पाणी भरलेलं इंजिन पुन्हा सुरू करायचा प्रयत्न केला आणि ते जाम झालं, तर 'इंजिन प्रोटेक्ट' नसलेल्या पॉलिसीत कंपनी त्याला परिणामी नुकसान म्हणून नाकारते. गाडी बंद राहू द्या आणि ढकलून बाहेर काढा.

क्लेम नाकारला आणि कारण पटलं नाही, तर मालकाने आधी कंपनीच्या तक्रार निवारण विभागाकडे लेखी जायचं. तिथे दाद लागली नाही तर विमा लोकपाल. कंपनीच्या नकारापासून वर्षभरात अर्ज करायचा, फी लागत नाही. अर्जदार मालकच असतो, चालक नाही.

गाडी 'मागितलेली' वाटत नाही तेव्हा

वडील गेले आणि गाडी घरातच आहे. ती मागून आणलेली कुणालाच वाटत नाही. पण पॉलिसीधारकाच्या मृत्यूनंतर पॉलिसी ३ महिने किंवा तिची मुदत संपेपर्यंत, जे आधी येईल तोवरच चालते. त्याआधी वारसाच्या नावावर करून घ्यायला हवी. दुःखात हे राहून जातं, म्हणून घरातल्या दुसऱ्या कुणीतरी हे काम अंगावर घ्यावं.

तसंच जुन्या गाडीचं. ओळखीतल्या माणसाकडून घेतली, पैसे दिले, आरसीवर अजून त्याचंच नाव आहे. थर्ड पार्टीचा भाग खरेदीदाराकडे आपोआप येतो, ओन डॅमेजचा नाही. त्यासाठी १४ दिवसांत कंपनीकडे अर्ज करावा लागतो. विकणाऱ्यानेही गाफील राहू नये. २०१८ च्या नवीन कुमार निकालानुसार आरटीओच्या दप्तरी ज्याचं नाव, तोच मालक आणि तोच जबाबदार, गाडी त्यानंतर कितीही हातांतून फिरलेली असली तरी.

पायरी ७: परत देताना

फास्टॅगचे पैसे मालकाच्या खात्यातून गेलेले असतात. वाशी, ऐरोली, मुलुंडच्या नाक्यांवर ऑक्टोबर २०२४ पासून छोट्या गाड्यांना टोल नाही, पण अटल सेतूवर आहे आणि एक्स्प्रेस-वेवरही. तेवढी रक्कम त्याच दिवशी पाठवून द्या. ई-चलान मालकाच्या मोबाइलवर येतं, आणि तेही पुष्कळदा गाडी परत दिल्यानंतर. महाट्रॅफिक ॲपवर गाडीचा नंबर टाकून आठवडाभराने एकदा तपासा, आणि तुमच्या तारखांचं चलान निघालं तर भरून पावती पाठवा. पोलिसांनी विचारल्यास त्या वेळी गाडी कोण चालवत होतं हे सांगणं मालकाला बंधनकारक आहे, तेव्हा तुमचं नाव तो सांगेलच. गाडीची दुसरी किल्ली तुमच्याकडे राहिली असेल तर तीही परत करा; गाडी चोरीला गेल्यावर कंपनी दोन्ही मूळ किल्ल्या मागते, आणि एक कमी पडली की मामांना स्पष्टीकरण देत बसावं लागतं.